सेपुतिह रामानमधली सासऱ्यांची शेती: तिथे जाऊन राहावं का, आणि जमीन कुणाच्या नावावर?

कापडगिरणी:

नमस्कार मंडळी. इंडोनेशियात राहिलेलं किंवा राहत असलेलं कुणी इथे असेल तर मनापासून सल्ला हवा आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. पश्चिम जावात पुर्वाकार्ताजवळ एका गिरणीत स्पिनिंग खात्यात आहे. पुढच्या वर्षी करार संपतो. वय 54, नवा करार मिळेल असं दिसत नाही. बायको इंडोनेशियन नागरिक, हिंदू, बाली वंशाची. पण तिचा जन्म बालीतला नाही. 1963 साली आगुंग ज्वालामुखी फुटला, कारांगासेम भागातली शेतं राखेखाली गेली, तेव्हा सरकारने तिथल्या पुष्कळ कुटुंबांना 'ट्रान्समिग्रासी' योजनेत सुमात्रा आणि सुलावेसीत नेऊन वसवलं. त्यात बायकोचे आजोबा सुमात्राच्या दक्षिण टोकाला लाम्पुंग प्रांतात, सेपुतिह रामान तालुक्यात आले. तिथल्या गावांची नावंच रामा देवा, रामा मूर्ती, रामा इंद्रा अशी आहेत. मी पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा आईला फोन करून सांगितलं होतं.

सासरे 76 वर्षांचे. गुडघे गेलेत. योजनेत मिळालेली जमीन अशी: पाव हेक्टर घर आणि परसू, पाऊण हेक्टर कालव्याखालचं भातशेत. याचं सरकारी प्रमाणपत्र आहे, सासऱ्यांच्याच नावावर. शिवाय शेजारच्या एका जावानीज कुटुंबाचं एक हेक्टर त्यांनी फार पूर्वी विकत घेतलं, ते लोक मध्य जावात बान्युमासला परत गेले. त्याची फक्त तिकीट लावलेली पावती आहे. शेत सध्या गावातला एकजण निम्म्या वाट्याने करतो.

मेव्हणा एकच. बालीत डेनपासारला हॉटेलात आहे, तिथेच घर बांधलंय, परत येणार नाही म्हणतो. त्यामुळे सासरे आम्हाला म्हणतात, तुम्ही या, घर आणि देवघर सांभाळा, जमीन तुमचीच. आमची मुलगी बांडुंगला शिकते, तिने इंडोनेशियन नागरिकत्व ठेवलंय.

भर म्हणून बायकोचा एक चुलतभाऊ मागे लागलाय की टोल रस्त्यापासून जवळ दोन हेक्टर विकाऊ आहेत, तुमच्या फंडाच्या पैशातून घेऊ, कागद माझ्या नावावर करू, नोटरीकडे वेगळा करार करू, पाच वर्षांत प्लॉट पाडून विकू.

इचलकरंजीत माझा फ्लॅट आहे. परत जाता येईल. पण खरं सांगायचं तर ते गाव मला आवडतं आणि सासऱ्यांना एकटं टाकवत नाही. तिथे उरलेलं आयुष्य काढता येईल का? त्या जमिनीला पुढे काही किंमत आहे का? आणि ती कुणाच्या नावावर असावी?

ऊसकरी:

दादा, नमस्कार. मी मिरज तालुक्यातला. मध्य लाम्पुंगातच ऊसमळ्यावर शेती विभागात नोकरी केली आणि कंपनीच्या वसाहतीत न राहता गावात एका जावानीज कुटुंबाच्या आवारात भाड्याने राहिलो. सेपुतिह रामान माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

टोल रस्त्याजवळची जमीन आजच डोक्यातून काढा. 1960 चा जमीन कायदा अगदी साफ आहे. 'हाक मिलिक', म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाने दुसऱ्याच्या नावाआडून ती घेतली तर कलम 26 प्रमाणे व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. नोटरीकडचा तो वेगळा करार कोर्टात तुमच्याच विरुद्ध पुरावा होतो. चुलतभाऊ देवमाणूस असेल. पण उद्या त्याचं बरंवाईट झालं तर त्याची बायकापोरं वारस, तुम्ही कुणीच नाही. बाकाउहेनी ते तेरबांगी बसार हा टोल रस्ता 2019 च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून फाट्याजवळच्या प्रत्येक तुकड्याला कुणीतरी असं गिऱ्हाईक शोधतोय.

प्लॉटचं म्हणाल तर कालव्याखालचं भातशेत तिथे सहजासहजी बिगरशेती होत नाही. अन्नधान्याच्या जमिनी राखायचा 2009 चा स्वतंत्र कायदा आहे आणि भिजणारी खाचरं त्याच्या नकाशात आधी घेतली जातात. कोरडवाहू कसाव्याचं रान असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही विकत घेण्याआधी वनखात्याच्या हद्दीत नाही ना हे बघावं लागतं. लाम्पुंगात वनजमिनींना 'रेजिस्टर' आणि नंबर असतो. मेसुजी भागात रेजिस्टर 45 मध्ये हजारो लोक वर्षानुवर्षं घरं बांधून, कसावा लावून राहतात, सरपंचाचा दाखलाही असतो, पण मालकीचं प्रमाणपत्र मिळत नाही. 2011 साली तिथल्या जमिनीच्या भांडणात माणसं मेली.

आता तुमच्या घरच्या जमिनीकडे येतो, कारण तिच्यात जीव आहे.

मी ज्यांच्याकडे राहायचो त्या आजोबांनी एका संध्याकाळी मला त्यांचे कागद दाखवले होते. खोंग ग्वान बिस्किटांचा लाल पत्र्याचा डबा, आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात हिरव्या पुठ्ठ्याचं, वर गरुड छापलेलं प्रमाणपत्र. उघडलं तर मोजणीच्या पानावर हाताने काढलेला चौकोन, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला पाट, दोन बाजूंना शेजाऱ्यांची नावं. मागच्या पानावर मालकाचं नाव, ते मात्र आजोबांचं नव्हे, ज्याच्याकडून त्यांनी तुकडा घेतला त्याचं. तीसेक वर्षं कसतायत, पट्टी त्यांच्या नावाने येते, गावात कुणाचा वाद नाही. त्यांना वाटायचं, पट्टीची पावती आहे म्हणजे जमीन आपली. ती पावती मालकीचा पुरावा नाही. आपल्याकडे घरपट्टीच्या उताऱ्याचं जे, तेच तिथे.

आजोबांनी मुलांसाठी ते सरळ करायचं ठरवलं तेव्हा मूळ मालक वारलेला होता. त्याचे वारस जावात तीन जिल्ह्यांत पांगलेले. एक मुलगी मलेशियात कामाला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पीपीएटी, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकृत लेखक, खरेदीखत करत नाही. थोरल्या मुलाने 'आमच्या बापाने कमी भावात दिली होती' म्हणून वरचे पैसे मागितले आणि आजोबांना ते द्यावे लागले. वारस सापडलेच नसते तर जिल्हा कोर्टात दावा करून निकालावर नाव चढवायचं, एवढाच रस्ता उरला असता. तो लांबचा आहे.

म्हणून तुमच्या बाबतीत सगळ्यात घाईचं काम ते पावतीवरचं एक हेक्टर आहे. विकणारा हयात आहे का ते बान्युमासला माणूस पाठवून बघा. सासरे स्वतः सही करू शकतात, व्यवहार आठवून सांगू शकतात, तोवर हे झालं पाहिजे. सासरे गेल्यावर दोन्ही बाजूंना वारसच उरतात आणि मग त्या पावतीला वजन राहत नाही. खर्च धरून ठेवा: घेणाऱ्याला साधारण 5 टक्के, विकणाऱ्याला अडीच टक्के कर, दस्तलेखकाची फी कमाल 1 टक्का. जुन्या व्यवहारात विकणारा आपला कर भरायला तयार नसतो, तोही तुमच्याच डोक्यावर येईल.

सोबत प्रमाणपत्राची जमीन सरकारी नकाशावर बसली आहे का तेही बघा. जमीन खात्याचा 'भूमी' नावाचाच ऑनलाइन नकाशा आहे. जुन्या प्रमाणपत्रांचे तुकडे पुष्कळदा त्यावर दिसत नाहीत, कारण तेव्हाच्या मोजणीला अक्षांश-रेखांश नव्हते. अर्ज करून ते बसवून घेता येतात. न बसवलेल्या तुकड्यावर दुसऱ्याचं प्रमाणपत्र निघाल्याची प्रकरणं त्या भागात झाली आहेत.

नावाचं सांगतो. तुम्ही जोडीने विकत घेतलेली जमीन आणि वडिलांनी मुलीला दिलेली जमीन यांत कायदा फरक करतो. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची सामाईक धरतात, आणि एक जोडीदार परदेशी असला की तिच्या एकटीच्या नावाची हाक मिलिकही अडचणीत येते. लग्नाआधी मालमत्ता-विभक्तीचा करार केला नसेल तर आता करता येतो, घटना न्यायालयाच्या 2016 मधल्या निकालापासून लग्नानंतरचा करारही चालतो. तो करून नोंदवून ठेवाच, लागो न लागो. पण बक्षीस किंवा वारसा म्हणून आलेली जमीन 1974 च्या विवाह कायद्यानुसार ज्याला मिळाली त्याचीच राहते. तेव्हा वहिनींना वडिलांकडून बक्षीसपत्राने शेत घेता येईल, त्याला तुमचं परदेशीपण आड येत नाही.

आड येतं ते वहिनींचं पुर्वाकार्ताचं ओळखपत्र. शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहणारा हवा असा 1961 चा नियम आहे, शेजारच्या तालुक्यापर्यंत सूट. सगळीकडे तो पाळतात असं नाही, पण दस्त करताना ओळखपत्र बघतातच. त्यांनी पत्ता गावात हलवल्याशिवाय शेताचं बक्षीसपत्र पुढे सरकणार नाही. घराच्या आवाराला ही अट नाही.

पैशाचं: भाताला सरकारने 2025 पासून शेतावरचा भाव किलोला 6,500 रुपिया ठरवलाय, त्यामुळे खाचरवाल्यांचे दिवस जरा बरे आलेत. दोन पिकं निघतात. दुसरं पीक मात्र पाण्याच्या पाळीवर. कालव्याच्या शेपटाला शेत असेल तर ऑगस्टमध्ये रात्री जागून बारं धरावं लागतं, झोपलात की वरचा माणूस फळी टाकतो. पावणेदोन हेक्टर निम्म्या वाट्याने दोन माणसांचं जेवणखाण आणि सणवार भागवतं. मुलीचं शिक्षण, मोठं आजारपण त्यातून निघत नाही. तुमचा फंड अख्खा बाजूला राहिला पाहिजे, तो जमिनीत घालू नका.

मेदानवाला:

ऊसकरी साहेबांचं बरोबर असेल, पण भात करून कोण पुढे गेलंय तिकडे? मी उत्तर सुमात्रात पामतेलाच्या गिरणीत होतो. पामच्या वसाहतींमधल्या लोकांना योजनेत दोन हेक्टर पाम मिळाला, आज त्यांची पोरं विद्यापीठात शिकतात, दारात पिकअप आहे. दर पंधरवड्याला घड तोडायचे, पैसे हातात. वहिनींच्या नावे दोन हेक्टर तयार पाम घ्या, एवढं सोपं आहे.

ऊसकरी:

मेदानवाले दादा, पामने घरं उभी केली हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण विकायला निघणारा 'तयार पाम' बहुतेक म्हातारा असतो. पंचविसाव्या वर्षाच्या पुढे झाड इतकं उंच होतं की विळा बांधलेला बांबू पोचत नाही. तोडून नवीन लावलं की तीन-चार वर्षं हातात काही नाही. शिवाय घड तोडल्यावर चोवीस तासांच्या आत गिरणीत गेले पाहिजेत, रस्ता खराब असला की भाव दलाल ठरवतो. आणि 2022 च्या एप्रिल-मेमध्ये सरकारने पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा घडांचा भाव कसा कोसळला ते तुम्ही गिरणीच्या आतून पाहिलं असणार. बाहेर रांगेत ट्रकमध्ये माल सडत होता. पंचावन्नाव्या वर्षी परक्या तालुक्यात नवीन पीक शिकायला जाऊ नये असं मला वाटतं.

तबानानची_सून:

कापडगिरणी दादा, मी चिपळूणची, लग्न होऊन बालीत तबानानला आले. कागदाचं ऊसकरींनी सांगितलं, त्यात मला भर घालायची नाही. मला तुमच्या एका वाक्याने बेचैन केलं: 'घर आणि देवघर सांभाळा'. सासऱ्यांनी तुमच्याकडे जमिनीपेक्षा मोठी गोष्ट मागितली आहे.

बाली घरात सांगाह, म्हणजे आवाराच्या ईशान्य कोपऱ्यातली पूर्वजांची देवळं, ही आवारालाच बांधलेली असतात. आवार ज्याचं, पूर्वजांचं करणं त्याचं. ते मुलाकडे जातं. मुलगी लग्न करून जाते तेव्हा त्याच सांगाहपुढे हात जोडून पूर्वजांचा निरोप घेते. वहिनींच्या लग्नात हा विधी झाला असेल तर रूढीप्रमाणे त्या आता त्या घराच्या पूर्वजांच्या नाहीत. मुलगा नसलेल्या घरात मुलीला वारस ठरवून जावई घरात घेतात, आपल्याकडच्या घरजावयासारखं, पण तुमच्या सासऱ्यांना मुलगा आहे. 2010 साली बालीच्या रूढी-ग्रामांच्या सर्वोच्च परिषदेने मुलींना वडिलांच्या मिळकतीत मुलाच्या निम्मा वाटा मान्य केला, तो निर्णय फार मोलाचा आहे आणि मी तो सगळ्या मुलींना सांगते. पण त्यातही देवळाची जागा आणि पूर्वजांची वस्तू वाटपात येत नाही. लाम्पुंगातली बाली गावं या बाबतीत काही वेळा बालीपेक्षाही जुन्या वळणाची आहेत, कारण आजोबांनी जे नेलं ते त्यांनी जपून ठेवलं.

म्हणून बक्षीसपत्र करण्याआधी मेव्हण्याला डेनपासारहून बोलवा. तो फोनवर 'मला नको' म्हणेल. उद्या त्याच्या मुलाला हवं असेल. आवार त्याच्याच नावावर जाऊ दे आणि तुम्हाला तिथे हयातभर राहण्याचा हक्क लिहून घ्या. शेत वहिनींच्या नावे होऊ दे. गावच्या बेंदेसासमोर, म्हणजे रूढी-ग्रामाच्या प्रमुखासमोर, बंजारच्या बैठकीत हे बोललं गेलं पाहिजे. चार भिंतींत झालेलं तिथे कुणी मानत नाही.

आता राहण्याचं. बंजार म्हणजे वाडीची सभा समजा, पण सोडता न येणारी. लाकडी नगारा वाजला की घरातून एक जोडपं हजर हवं. कुणी गेलं, कुणाचं लग्न, देवळाचा वार्षिक दिवस, रस्त्याचं काम, सगळ्याला. पुरुष पहाटे तीन-चारला लावार, म्हणजे चिरलेलं मांस, नारळ आणि मसाल्याचा कार्याचा पदार्थ, करायला जमतात. तुम्ही मांस खात नसाल तरी नारळ खवायला, मसाला कुटायला बसावं लागतं, आणि बसलात की महिन्याभरात तुमचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. बायकांचं काम याच्या तिप्पट. माझ्या सासूबाई गालुंगान या मोठ्या सणाच्या आधीचा आठवडा अख्खा नारळाच्या कोवळ्या पात्या चिरत, टाचत, करंड्या वळत असतात. गालुंगान दर 210 दिवसांनी येतो, मधे देवळांचे दिवस, पौर्णिमा, अमावास्या. वहिनी इतकी वर्षं गिरणीच्या वसाहतीत राहिल्या आहेत. त्यांच्या हाताला हे वळण राहिलंय का, आणि पन्नाशीनंतर त्यांना ते हवं आहे का, हे तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलं नाही. मला ते सगळ्यात आधी ऐकायचं आहे.

मी स्वतः हे सगळं करते आणि मला ते प्रिय आहे. गणपतीत माझ्या घरी मोदक करायला शेजारच्या सहा बायका येतात, कारण त्यांच्या प्रत्येक कार्याला मी जाते. तिथे माणूस एकटा पडत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या वयात हे किती मोठं आहे ते मी रोज बघते.

कापडगिरणी:

सगळ्यांचे खूप आभार. ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, भाषांतर करत करत. निरोपाचा विधी झाला होता असं ती म्हणाली. मग बराच वेळ आईबद्दल बोलत राहिली. तिला जायचं आहे. पण आवार भावाचं राहावं हे तिने लगेच मान्य केलं, उलट तिला त्याने हलकं वाटलं. वडिलांनी घर तिला दिलं तर गावात भावाला तोंड दाखवता येणार नाही, हे तिच्या मनात आधीपासून होतं, माझ्यापुढे बोलली नव्हती.

चुलतभावाला नाही सांगितलं.

ऊसकरी, दोन गोष्टी अजून. एक, 2012 साली दक्षिण लाम्पुंगात बाली वस्तीवर हल्ला झाला होता, ती भीती धरावी का? दुसरं, औषधपाणी आणि रस्ते. सासऱ्यांना रात्री काही झालं तर?

ऊसकरी:

दादा, 2012 च्या ऑक्टोबरमधलं बालीनुरागाचं प्रकरण मी हलकं करून सांगणार नाही. एका रस्त्यावरच्या छोट्या प्रसंगावरून सुरू झालं, अफवा पसरली, दोन दिवसांत दहाहून जास्त माणसं मेली, शेकडो घरं जळाली. तो भाग तुमच्या गावापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आता तिथेही लोक परत येऊन राहतायत. पण त्याच्या मुळाशी जे आहे ते सगळ्या लाम्पुंगात आहे. मूळचे लाम्पुंग लोक आज आपल्याच प्रांतात अल्पसंख्य आहेत. 1905 मध्ये डचांनी जावातल्या केडूतून 155 कुटुंबं गेदोंग तताआनला आणून वसवली, तिथून हे सुरू झालं, आणि आज प्रांतात बहुसंख्य जावानीज. ज्यांच्या कुळाच्या रानावर या वसाहती बसल्या त्यांना ते विसरता आलेलं नाही, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही आलं नसतं. सेपुतिह रामानमध्ये जावानीज आणि बाली पिढ्यांपिढ्या एकाच पाटाचं पाणी वाटून घेतायत, ते नातं पक्कं आहे. आसपासच्या लाम्पुंग गावांतल्या कार्यांनाही सासरे जात असतील तर तुम्ही त्यांच्यासोबत जायला लागा. त्यांच्यानंतर ती ओळख कुणी करून देणार नाही.

रस्ते वाईट होते. इतके की 2023 च्या मे महिन्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो स्वतः बघायला आले, आमच्या मध्य लाम्पुंगातल्या रुम्बियाच्या रस्त्यावरून त्यांची गाडी गेली, आणि मग काही रस्त्यांची कामं केंद्राने हातात घेतली. मुख्य रस्ते सुधारलेत. आतले पावसाळ्यात अजून त्रास देतात. अंधार पडल्यावर मोटारसायकलवर एकट्याने लांब जाऊ नका. रानातल्या सुनसान पट्ट्यात गाडी अडवून लुटणारे असतात, तिथली माणसं स्वतःच संध्याकाळी निघत नाहीत.

गावात पुस्केस्मास, म्हणजे आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, असतं. ताप, जखम, रक्तदाब तिथे भागतो. हृदयाचं, लकव्याचं असेल तर मेट्रो नावाचं जवळचं शहर गाठायचं. सासऱ्यांसाठी गावातल्या चारचाकीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, बंजारमध्ये एकदोघांकडे असतेच. सरकारी आरोग्य विम्यात वहिनी आणि सासरे आहेत का ते तपासा. तुमचं नाव आत्ता कंपनीमार्फत असेल, करार संपला की पुढे कसं चालू ठेवायचं ते नोकरी सुटण्याआधीच विचारून घ्या. राहण्याचा परवानाही तसाच: आज तो कंपनीच्या नावावर आहे, तो बायकोच्या नावावर, जोडीदाराचा परवाना म्हणून करून घ्यावा लागेल. ते काम पुर्वाकार्ताला असतानाच उरका, गावातून जिल्ह्याला खेपा घालणं जड जातं.

एक कठीण गोष्ट लिहितो, राग मानू नका. वहिनी तुमच्या आधी गेल्या तर शेत मुलीकडे आणि तुमच्याकडे वारशाने येईल. परदेशी म्हणून तुमच्या वाट्याची हाक मिलिक तुम्हाला एक वर्षाच्या आत सोडावी लागते, नाहीतर ती जाते. मुलगी इंडोनेशियन आहे हे तुमचं मोठं भाग्य, सगळं तिच्याकडे वळवता येईल. तेव्हा मुलीला आत्तापासून या बोलण्यात घ्या. ती बांडुंगहून ऑनलाइन नकाशा तुमच्यापेक्षा चटकन बघेल.

आणि ताई म्हणाल्या ती बैठक गालुंगानला धरा. 2026 मध्ये तो 17 जूनला आहे. मेव्हणा तेव्हा हमखास गावी येतो. मात्र बान्युमासला माणूस त्याआधीच धाडा, म्हणजे बैठकीत त्या एक हेक्टरचं काय ते सगळ्यांना सांगता येईल. पावतीच्या चार झेरॉक्स काढून मूळ पावती सासऱ्यांकडेच राहू द्या. तिच्यावर साक्षीदार म्हणून कुणाच्या सह्या आहेत तेवढं मला कळवा. त्यातलं कुणी गावात हयात असेल तर त्याचा जबाब दस्तलेखकापुढे आधी लिहून घेता येईल.